मांडवाच्या खांबामागचा हात

माझ्या नणंदेच्या मुलीने फोटोंपायी आमच्या घराला जेवढं छळलं, तेवढं आमच्या अख्ख्या बुधवारा मोहल्ल्यात कोणी कोणाला छळलं नसेल. फोटोग्राफी शिकायला ती नेपानगरहून आमच्याकडे राहायला आली. मला वाटलं, पोरगी कॅमेरा शिकेल, लग्नांची कामं घेईल, आपल्या पायावर उभी राहील. पण ती फोटो काढायची कमी आणि दुसऱ्यांनी काढलेले बघत बसायची जास्त. तिच्या सरांनी सांगितलं होतं म्हणे, की तुम्हाला आवडलेले फोटो निवडा, आणि त्यांत काय दिसतं ते नको, ते बघून तुमच्या आत काय होतं ते लिहा. आता आत काय होतं हे सांगायला कॉलेज कशाला पाहिजे? पण त्या सरांना कोण बोलणार!

ती ते फोटो छापून आणायची आणि घरभर चिकटवायची. फ्रिजवर, पिठाच्या डब्यावर, न्हाणीघराच्या दारावरसुद्धा. एका फोटोत किनाऱ्यावर रिकामं जाळं घेऊन बसलेला कोळी होता. तो तिने माझ्या ओट्यासमोर लावला, आणि जेवताना दोन घास खाऊन ताट सरकवलं. "मामी, त्याच्यासमोर घास नाही जात गं." मी म्हटलं, "अगं, हा फोटो काढून किती वर्षं झाली असतील! तो तेव्हाच जेवून, हात धुऊन मोकळा झाला असेल." तर हसायचं सोडून म्हणाली, "तू फार कठोर आहेस, मामी." गरम भाकरी वाढणारी मी कठोर, आणि तो कुठला कोण कोळी तिचा सगा!

फोटोतला माणूस आपल्याकडे बघत असेल तर त्याच्याकडे पाठ करून बसायचं नाही, हा तिचा आणखी एक कायदा. टीव्हीसमोरच्या भिंतीवर तिने एक म्हातारी लावली होती. त्या म्हातारीचा मान राखण्यासाठी आमचे हे कितीतरी दिवस खुर्ची आडवी टाकून, मान वाकडी करून बातम्या बघत होते. भाचीला ते काही बोलत नसत, रात्री मानेला बाम मात्र मला चोळावा लागे. शिवाय माझी स्टीलची ताटली कधी जागेवर सापडायची नाही. ती ताटलीने अर्धा फोटो झाकायची, मग दुसरा अर्धा झाकायची आणि मला हाक मारायची, "रुक ना मामी, अब देख. आता काय वाटतं?" मला ताटली घासायची राहिलीय, एवढंच वाटायचं.

कहर केला तो पागोटेवाल्या म्हाताऱ्याने. त्याचा मोठा काळा-पांढरा फोटो तिने फ्रेम करून पुढच्या खोलीत खिळ्याला टांगला. आमच्याकडे एकट्या माणसाचा असा फोटो भिंतीवर गेला म्हणजे तो माणूसही गेलेला असतो. शेजारच्या काकू सकाळी विरजण मागायला आल्या, फोटो बघितला, डोक्यावर पदर घेतला आणि विरजण न घेताच परत गेल्या. दुपारी गल्लीतल्या बायका घेऊन दुखवट्याला बसायलाच आल्या. "काय वो बाई, कळवलं पण नाही! सासरचे का माहेरचे?" चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तेवढ्यात भाची आतून धावत आली. "काकी, हे आपले कोणी नाहीत. मला त्यांचे डोळे आवडतात, बस."

"पण आहेत का गेले?"

"ते मलाही माहीत नाही."

काकू भडकल्या. "मग आम्ही रडायचं का नाही, ते तर सांग!" शेवटी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. दूध कमी पडलं ते वेगळंच.

पण मला सगळ्यात जास्त राग यायचा तो त्या "तुला काय वाटतं"चा. मी चौथी शिकलेली बाई. मला घरात आजवर भाजी कोणती करू हेदेखील कोणी विचारलं नाही, आणि ही जगभरचे फोटो माझ्यासमोर धरणार. माझं उत्तर ठरलेलं. "काय वाटायचं? फोटो आहे."

मग शेवटच्या फोटोची वेळ आली. तो घरातला निवडायचा होता, आणि सगळ्यांतला एक, लिहिलेल्यासकट, कॉलेजच्या भिंतीवर लागणार होता. तिने पेटीतून माझ्या दिराच्या लग्नाचा अल्बम काढला आणि सगळं घर ओळीने उभं आहे, त्या फोटोवर येऊन थांबली. ताटली मागितली नाही. फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "मामी, खांबामागे हा पाण्याचा जग धरलेला हात तुझा ना?"

मी हातातलं काम ठेवलं. अल्बम निघाला की सगळे आपापले चेहरे शोधतात. मी तो हात शोधते. पण दुसऱ्या कोणाला तो कधी दिसला नव्हता.

"तुला कसं कळलं?"

"करंगळी. पोळी लाटताना तू अशीच बाहेर काढतेस. पण तू कुठे आहेस?"

मी 'फोटो आहे' म्हणणार होते, पण तोंडातून भलतंच निघालं. "तो फोटोवाला म्हणाला, भाभीजी, थोडा साइड में. आता कोणत्या साइडला ते सांगायचं नाही का? मी खांबाकडे सरकले, तर म्हणे, बस, बढ़िया! आणि काढला फोटो. एवढी माणसं उभी होती गं. सकाळपासून सगळ्यांना पाणी मीच देत होते. एकाने तरी म्हणावं ना, की ती राहिली!" माझा आवाज एवढा चढला, की हे आतून बघायला आले.

भाचीचे डोळे भरले होते, पण तोंड आनंदाने फुललं होतं. "हेच, मामी! हेच लिहिते मी."

मी आणखी चिडले. "म्हणजे राग माझा आणि मार्क तुला? आणि कॉलेजच्या भिंतीवर लावून चारचौघांत वाचणार तू हे?"

तिने अल्बम मिटला. "तू नको म्हण, नाही लावणार. कोळ्याचाच लावते."

लाजेने माझे कान तापले होते. पण कोळी? माझ्या जागी पुन्हा दुसराच कोणी?

"लिही," मी म्हटलं. "पण चूक फोटोवाल्याची होती, हे स्वच्छ लिही."

आता तिचं शिक्षण संपलं. ती इंदूरला कामाला लागली. जाताना घरातले सगळे फोटो घेऊन गेली आणि पागोटेवाल्याच्या फ्रेममध्ये माझा तो हात मोठा करून घालून गेली. जिवंत माणूस भिंतीवर नको, असं मी किती सांगितलं. "मामी, हात तर आहे फक्त," म्हणाली आणि त्याच खिळ्याला टांगला. परवा काकू गल्लीतल्या बायका घेऊन आल्या, फोटोजवळ गेल्या आणि हळूच विचारलं, "कोणाचा वो?" चार बायका होत्या, तरी मी म्हटलं, "माझा. आणि मी आहे अजून."

"मग चहा टाका," म्हणत काकू बसल्या.

ह्यांची खुर्ची आता सरळ झाली आहे. दुपारी मी पुढच्या खोलीत तांदूळ निवडायला बसते, तेव्हा भिंतीकडे माझी पाठ होणार नाही असाच पाट पडतो. काल घरात कोणी नव्हतं, तर ताटली घेऊन अर्धा फोटो झाकून बघितला. मग दुसरा अर्धा झाकला. वाटलं बरंच काही. पण आता मला सांगायचं आहे, तर विचारणारी इथे नाही.