‘चालेल’ म्हणणाऱ्या पप्पांबरोबर श्रीलंकेत

पप्पांना श्रीलंकेला न्यायचं ठरलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मला एकच सल्ला दिला: ग्रुप टूरने जा. बस दारात येते, जेवणात वरण-भात असतो, खोलीची किल्ली आयती हातात मिळते, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आणखी काय लागतं? पप्पा तर एका पायावर तयार होते. निवृत्तीनंतर ते बोधगयेला गेले, लुंबिनीला गेले, सगळं ग्रुपबरोबर, हॉलमध्ये सतरंजीवर झोपून. मीच अडून बसले. म्हटलं, दोघंच जाऊ, पाठीवर सॅक टाकून, हॉटेल तिथे गेल्यावर शोधू.

अनुराधपूरचा बोधिवृक्ष, बोधगयेच्या मूळ झाडाच्या फांदीपासून वाढलेला, त्यांना दाखवायचा होताच. पण माझा आणखी एक हट्ट होता. पप्पांनी आयुष्यात एकदा तरी स्वतः बघून, पसंत करून घेतलेल्या खोलीत राहावं. एवढ्या वयाच्या माणसाने असं कधी केलंच नाही, हे ऐकून तुम्ही हसाल. म्हणून आधी जरा मागे जाते.

पप्पा पाटबंधारे खात्यात कारकून. दर काही वर्षांनी बदली व्हायची आणि बदली झाली की खोली शोधायला पप्पा आम्हाला मागे ठेवून पुढे जायचे. त्यांची पद्धत ठरलेली. दारावर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी दिसली की नमस्कार करायचा आणि खोलीबद्दल एक शब्दही न विचारता आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं, आडनावासकट. आम्ही बौद्ध. आडनाव ऐकलं की पुष्कळ मालकांना एकदम आठवायचं, की खोली कालच दिली. “आधीच सांगितलं की जिने चढायचा त्रास वाचतो,” असं पप्पा अगदी साधेपणाने सांगायचे. आणि जो मालक देईल त्याची खोली डोळे झाकून घ्यायचे. कशी आहे, ऊन येतं का, नळ कुठे आहे, हे प्रश्नच नव्हते. सामानाचा टेम्पो दारात उभा राहिला की आईला आणि मला खोली पहिल्यांदा दिसायची.

नांदगावच्या खोलीवर पत्रे होते आणि पाण्याचा टँकर आला की आई मला हातातलं पुस्तक टाकायला लावून हंडा घेऊन पिटाळायची. पिंपळगाव बसवंतची खोली कांद्याच्या गोडाऊनला लागून. तिथे दप्तरालासुद्धा कांद्याचा वास यायचा, आणि टेम्पोवाल्यांचे हॉर्न ऐकत मी पाढे पाठ केले. खरं सांगू? मला त्या खोल्या फार आवडायच्या. आई पहिल्याच दिवशी जुन्या साडीचा पडदा लावायची, पप्पा बाबासाहेबांचा फोटो टांगायला खिळा ठोकायचे आणि संध्याकाळपर्यंत ते आमचं घर झालेलं असायचं. आता गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, तोही मीच पसंत केलेला, आई जाऊनही काही वर्षं झाली, पण डोळे मिटले की मला अजून तो साडीचा पडदा दिसतो.

तर गेल्या हिवाळ्यात निघालो. नाशिकहून पहाटे टॅक्सी, कसारा घाट उतरून मुंबई विमानतळ, तिथून कोलंबो जेमतेम अडीच तास. प्रवासाची परवानगी ऑनलाइन घ्यावी लागते, ती घरूनच उरकून घ्या. आपला एक रुपया म्हणजे तिथले साधारण साडेतीन, त्यामुळे पहिले दोन दिवस सगळे आकडे ऐकून दचकायला होतं. पप्पांच्या सॅकमध्ये वंदनेचे पांढरे कपडे, चिवडा आणि ठेच्याची बाटली. सॅक पाठीला लावून त्यांनी आरशात पाहिलं आणि स्वतःच लाजले.

पहिला मुक्काम विमानतळाजवळच्या निगोंबो गावात. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर गेस्ट हाऊसची रांगच आहे. एका पाटीखालून आत शिरलो, आणि मी तोंड उघडायच्या आत पप्पा काउंटरपाशी ताठ उभे राहिले. नमस्कार केला, पूर्ण नाव सांगितलं. आडनाव जरा मोठ्यानेच.

काउंटरवरच्या तरुणाने मान वर करून विचारलं, “एसी ऑर फॅन?”

पप्पा माझ्याकडे वळले. “काय म्हणतो?”

“एसी पाहिजे की पंखा, विचारतोय.”

“बस्स? एवढंच?”

“एवढंच, पप्पा.”

त्यांना ते खरं वाटलं नाही. पासपोर्ट परत मिळेपर्यंत ते तिथेच उभे होते, जणू मालक अजून आतून येऊन काहीतरी आठवल्यासारखं करेल. मला हसू आलं.

इथे एक उपयोगाची गोष्ट. श्रीलंकेतल्या बऱ्याच स्वस्त गेस्ट हाऊसमध्ये एसीची खोली आणि पंख्याची खोली ही एकच खोली असते. पंख्याचे पैसे दिले तर रिमोट देत नाहीत, बस. म्हणून आधी पंख्याचा भाव विचारा, तिथून बोलणी सुरू करा. तो सहा हजार म्हणाला. मी साडेचारपासून सुरू करणार तोच पप्पांनी माझी ओढणी ओढली. “नको गं. दिली ना त्यांनी? मग आता कशाला घासाघीस?” तरी मी रेटून पाच हजारांवर आणलं. खोलीची खिडकी जनरेटरच्या तोंडावर. पप्पा पलंगावर बसले, गादी दाबून पाहिली आणि म्हणाले, “चालेल. छान आहे.” जनरेटर सुरू झाला तेव्हाही त्यांचं मत बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी कुरुनेगलला बस बदलून अनुराधपूर. लाल सरकारी बस स्वस्त, पण सॅक मांडीवर घ्यायची तयारी ठेवा. जेवायला भात आणि चार-पाच भाज्या: डाळ, फणस, बीट, खोबऱ्याची लाल चटणी. वाढणारी बाई पुन्हा पुन्हा विचारते. पप्पांचा निकाल: “नारळ जरा जास्तच आहे, पण बाईच्या हाताला चव आहे.”

अनुराधपुरात आमचं वाजलं. तळ्याजवळ एका आंटीचं गेस्ट हाऊस होतं. खोली स्वयंपाकघराला चिकटून, अंधारी, आणि भाव निगोंबोपेक्षा जास्त. मी माझा हुकमी डाव टाकला. “नो, थँक यू” म्हणून सॅक उचलली आणि फाटकाकडे चालू लागले. अशा वेळी सावकाश चालायचं, मागून हाक येतेच. हाक आली नाही. वळून पाहते तर पप्पा खोलीत पलंगावर बसलेले, चपला काढून पलंगाखाली नीट लावलेल्या. आंटी दारात उभी राहून हसत होती. अर्थात तिने एक रुपयाही कमी केला नाही.

ती गेल्यावर मी पप्पांवर वैतागले. “अहो, मी बाहेर चालले होते ना? दोन मिनिटं थांबला असतात तर!”

“मिळालेली खोली सोडून निघून जायचं?” पप्पांचाही आवाज चढला. “आणि दुसरी नाही मिळाली तर?”

“मिळालेली नाही, पप्पा. पैसे मोजून घेतोय आपण. इथे कुणी उपकार करत नाहीये.”

“तुला सवय आहे त्याची. मला नाही.” एवढं बोलून ते आंघोळीला गेले. त्यांच्यावर माझा हट्ट लादतेय की काय, असं वाटून मलाच वाईट वाटत होतं.

सकाळी बोधिवृक्षाकडे गेलो. (आजूबाजूच्या जुन्या अवशेषांच्या तिकिटासाठी पासपोर्ट जवळ ठेवा, भारतीयांना सवलत मिळते.) तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत येतात. पप्पाही पांढऱ्यात, त्यामुळे लोक त्यांच्याशी सरळ सिंहलीत बोलायला लागले आणि पप्पा मराठीत उत्तरं देत सुटले. एका कुटुंबाने सरकून जागा करून दिली. त्यांनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं, चाल वेगळी पण शब्द तेच, आमच्या विहारात लहानपणापासून म्हटलेले. पप्पांनी पहिल्या ओळीलाच आवाज मिसळला. शेजारच्या आजीने त्यांच्या ओंजळीत कमळाची फुलं दिली आणि पप्पा रडले. मीही रडले, लपवलं नाही.

परत येताना टपरीवर दुधाशिवायचा चहा घेतला. पप्पा कपाकडे बघत म्हणाले, “तुझ्या आईने पिंपळगावची खोली पाहिली ना, तेव्हा काहीच बोलली नव्हती. नुसती भिंतीवरून हात फिरवत होती. मी कधी विचारलंच नाही तिला, तुला आवडली का म्हणून.”

“विचारून तरी काय केलं असतं, पप्पा?”

“तेच ना. नाही म्हणाली असती तर?” चहाचे पैसे त्यांनीच दिले.

अनुराधपूरहून कँडीला बसने चारेक तास, दांबुल्लावरून. मधल्या स्टॉपवर मी कोत्तू खाल्लं, म्हणजे रोटीचे तुकडे आणि भाज्या तव्यावर खडखडाट करत परततात ते. चवीला झकास, पण कँडीत उतरेपर्यंत माझ्या पोटाने असहकार पुकारला. तळ्याच्या वरच्या बाजूला उभा चढ आणि चढावर गेस्ट हाऊस. रिक्षावाल्याला ‘स्वस्त हॉटेल दाखव’ असं चुकूनही म्हणू नका, त्याचं कमिशन तुमच्याच बिलातून जातं. पण माझ्यात चढायची ताकद नव्हती. खाली बेकरीच्या बाकावर सॅक घेऊन बसले आणि पप्पांना म्हटलं, “तुम्हीच जाऊन घेऊन या एखादी. कुठलीही चालेल.” मनात म्हटलं, गेलं, पहिल्या दारात घुसतील आणि चपला काढतील.

थोड्या वेळाने पप्पा उतरताना दिसले. मी सॅक उचलली.

“बस बस,” ते म्हणाले. “नाही घेतली.”

“का? नाही म्हणाला?”

“तो कशाला नाही म्हणेल? मीच नाही म्हणालो. खिडकी उघडली की समोर भिंत.”

मला वाटलं, माझ्या कानातही काहीतरी बिघडलंय. तोवर पप्पा पुन्हा चढाला लागले होते. परत आले ते मान हलवतच. “गादीला ओलीचा वास येतो. आजारी माणसाला तिथे नको.” बेकरीवाल्याने मला लिंबू-मीठ घातलेलं पाणी दिलं. तिसऱ्यांदा पप्पा आले तेव्हा घामाने निथळत होते, पण चेहरा असा, की जणू लग्नात मुलीकडचे त्यांचे मानपान करतायत.

“ही कशी आहे?” मी विचारलं.

“चांगली आहे. स्वच्छ आहे. भावही बरा सांगितला.”

“मग चला!”

“पण मनात नाही भरली.”

“पप्पा, अहो चालेल हो! मला आडवं व्हायचंय!”

“नाही चालणार,” पप्पा म्हणाले. आवाज शांत होता. “आजवर सगळं चालवूनच घेतलं. आणखी थोडी कळ काढ.” आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून निघाले.

चौथी घेतली. माझी सॅकही पप्पांनीच वर नेली. खिडकीतून खाली तळं, पूर्वेकडचं ऊन येईल असा पलंग, आणि मालकीणबाई पप्पांच्याच वयाच्या. त्यांनी सात हजार सांगितले होते. पप्पा त्यांना हिंदी-इंग्रजीची खिचडी करून म्हणाले होते, खोली मला आवडली आहे, मुलगी आजारी आहे, दोन रात्री राहतो, नाश्ता नको, तुमचा योग्य भाव सांगा. पाच हजार दोनशेवर जमलं. माझ्या हुकमी डावापेक्षा हे बरं, लक्षात ठेवा. चहा पिऊन झाल्यावर बाईंना पासपोर्ट आठवले, आणि पप्पांना आठवलं की आपण नावच सांगितलं नाही.

दोन दिवस राहिलो. बुद्धांचा दात जपून ठेवलेलं दंतधातूचं मंदिर पाहिलं, तळ्याला फेऱ्या मारल्या. पण मला जास्त आठवतं ते दुसरंच दृश्य. सकाळी पप्पा खुर्ची खिडकीशी ओढून बसले होते, उन्हात, काहीही न करता. आई असती तर तिने खिडकीला साडी बांधायला घेतली असती, आणि पप्पांनी तिला बांधू दिली नसती.

नाशिकला परत येऊन आता वर्ष होईल. पप्पांचे गुडघे कुरकुरतात, पुढचा प्रवास कधी आणि कुठे, माहीत नाही. फोटो मी पाहते, पप्पा क्वचितच. काय राहिलं त्या प्रवासातलं, हे मला आल्याच्या दुसऱ्या दिवशीच कळलं. पप्पांनी नांदगावच्या काकांना फोन लावला. काका म्हणजे त्यांचे ऑफिसातले जुने सोबती, बदलीच्या गावी दोघांनी बरोबर खोल्या शोधलेल्या. फोन स्पीकरवर होता.

“जय भीम. बघितला का रे बोधिवृक्ष?”

“बघितला. सांगतो. पण आधी ऐक, मी तिथं तीन खोल्या नापसंत केल्या.”

“तू?”

“मी.”

“आन् मालक काय म्हनले?”

“काय म्हणणार? ओके सर, म्हणाले.”

“काय खोट व्हती खोल्यांमदी?”

“एकीला ऊन नाही. एकीला ओल.”

“आन् तिसरी?”

“तिसरी चांगली होती रे. मला आवडली नाही, म्हणून नको म्हणालो.”

मग काका म्हणाले, “परत सांग बरं. पहिल्यापासून सांग.”