संत गाळणारी बाई

पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. आमच्या मालवणकडच्या वाडीत मे महिन्यात संध्याकाळी क्रुसापाशी लदीन व्हायची. म्हणजे देवाच्या गौरवासाठी सगळ्या संतांची नावं घेत गायची प्रार्थना. ती लॅटिनमधून पुढून म्हणायचा मान माझा, शाळामास्तराचा. लॅटिनचं एक अक्षर कळत नसल्यामुळे मी ती फार भावपूर्ण म्हणत असे.

खाडीपलीकडची एक मासळीवाली बाजारातून परतताना रिकामी पाटी खाली ठेवून शेवटच्या रांगेत गुडघे टेकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रार्थना अर्धी सोडणं तिला पाप वाटे, आणि शेवटची होडी चुकली तर घरी तान्हं मूल उपाशी.

एकदा मुंबईचे पाहुणे आले, म्हणून मी देवाचा गौरव दुप्पट लांबवला. एका संताच्या नावावर आलाप घेत पाहुण्यांचे चेहरे बघायला वळलो आणि पुढचं नाव विसरलो. त्याच संताला तीनदा हाक मारली. इतक्यात खाडीवरून होडीवाल्याची हाळी आली. शेवटच्या रांगेतून त्या मासळीवालीने बाजारात कमावलेल्या आवाजात थेट शेवटचं कडवं उचललं. सगळी वाडी तिच्यामागून एका सुरात गायली. माझ्यामागून कधी गायली नव्हती.

"गो बाये, मधले संत खंय गेले?" मी चिडून विचारलं.

"ते रागवूचे नाय, मास्तरांनू. त्यांका नावाची हाव नाय. होडी मात्र थांबूची नाय!" पाटी उचलून ती धावली आणि होडीत चढली.

पाहुणे जवळ येऊन म्हणाले, "मास्तर, शेवट अप्रतिम केलात!"

मी नम्रपणे मान लववली. एवढा सगळा गौरव देव एकटा घेऊन करणार तरी काय?