संक्रांतीचं वाण आणि माझ्या सात बाटल्या

यंदाच्या संक्रांतीला ऑफिसमधून घरी आले, तर कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टर १० च्या क्वार्टरमध्ये सासूबाईंचं हळदीकुंकू ऐन रंगात आलेलं. आणि भजनी मंडळाच्या मोठ्या काकूंच्या मांडीवर माझी वाइनची बाटली...

थांबा, आधी बाटल्यांचं सांगते. लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला मी आणि नवरा एक चांगली वाइन आणतो आणि सासूबाई भजनाला गेल्या की दार लावून पितो. सात वर्षांच्या सात बाटल्या. रिकाम्या, पण टाकवत नाहीत, इतकी देखणी लेबलं असतात. एकीवर किल्ला, एकीवर घोडा, एकीवर नुसती सोनेरी अक्षरं.

त्या लेबलांवर मी दर वर्षी बॉलपेनने एखादी ओळ लिहायची, आमची आठवण म्हणून. मग बाटली माळ्यावर, सुटकेसच्या मागे. नवरा कितीदा म्हणाला, लेबलं काढून ठेव आणि बाटल्या कबाडीवाल्याला दे. ऐकलं असतं तर...

सासूबाईंनी यंदा वाण म्हणून घाण्यावरून तिळाचं तेल काढून आणलं होतं. तेल काचेत टिकतं, त्यातही रंगीत काचेत जास्त. बाटल्या शोधायला त्या माळ्यावर चढल्या आणि त्यांना देवच पावला. मंडळाच्या सात जणींना सात बाटल्या... तोंडाला घट्ट बूच आणि पोटाला सोनेरी कागद.

कागद नेमका लेबलाच्या जागी होता. आणि काकूंच्या मांडीवरची बाटली होती घोड्याची. ती बाकीच्यांपेक्षा बुटकी, म्हणून लांबूनच ओळखली.

घोड्यावर मी तिसऱ्या वर्षी लिहिलं होतं, "आईंनी आज पुन्हा माझ्या वरणाला नाव ठेवलं, तेही पाहुण्यांसमोर. ही अख्खी बाटली त्यांच्या नावानं." आता काकूंनी घरी जाऊन कागद काढला की संपलंच. काकूंना कळलं म्हणजे सेक्टर १० पासून पार गावाच्या टोकाला बोरसीपर्यंत कळलं.

नवऱ्याला फोन लावला. त्याची कारखान्यात दुपारची बी शिफ्ट, फोन लॉकरमध्ये. मग मीच अक्कल चालवली आणि म्हटलं, "काकू, बाटली गळून राहिली वाटते, द्या बरं इकडे." काकू म्हणाल्या, "कावून गळंल? तुह्या सासूनं बूच चांगलं ठोकून देल्लं." तरी जवळजवळ हिसकावूनच ती स्वयंपाकघरात नेली.

नखाने कागद सोडवला... खाली लख्ख काच. घोडा नाही, ओळ नाही, डिंकाचा डागसुद्धा नाही. मला हायसं वाटलं, पण दोनच सेकंद. लेबल ज्याने काढलं, त्याने ते वाचलं असणारच ना.

मागे सासूबाई उभ्या होत्या. "काय शोधून राहिली?" मी कागद पाठीमागे लपवला. "आधी काकूले तेल देऊन ये. अन् कागद नीट चिपकव."

पुढचा तासभर मी कोणाला हळद लावली आणि कोणाला कुंकू, काही आठवत नाही. सगळ्या गेल्यावर सासूबाईंनी त्यांची पाककृतींची जुनी वही माझ्यासमोर ठेवली. बाटल्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून त्यांनी सातही लेबलं अख्खी सोडवली होती आणि वाळवून वहीत चिकटवली होती. किल्ला पुरणपोळीच्या पानावर, घोडा वरणाच्या.

घोड्यावर माझी ओळ, शाई जराशी पसरलेली. त्याखाली त्यांच्या अक्षरात अख्खं वरण... डाळ किती वेळ भिजवायची, हिंग फोडणीत नाही, डाळ शिजतानाच घालायचा. आणि सगळ्यात शेवटी, "पाहुण्यांसमोर बोलले ते चुकलं. वरण मात्र बिघडलंच होतं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि "बिघडलंच होतं" वाचून रागही आला, खोटं कशाला बोलू...

"मले तोंडानं गोड बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "तू लिहून ठेवलं, म्हणून मीबी लिहिलं. अन् सालभरात एक बाटली, तेबी दोघांत... त्याच्यासाठी दार कायले लावता?"

मागच्या महिन्यात आमचा आठवा वाढदिवस झाला. दार उघडं ठेवून. सासूबाईंनी वाइनला हात लावला नाही, पण समोर बसून माझ्या हातचं वरण-भात जेवल्या. बाटली कधी रिकामी होते, यावर त्यांचं बारीक लक्ष होतं, कारण मंडळात आठवी बाई आली आहे म्हणे.

मग बॉलपेन मागून घेतलं आणि यंदाची ओळ त्यांनीच लेबलावर लिहिली, "वरण बरं झालं."

बरं. आठ वर्षांत पहिल्यांदा... ज्यांना सासू आहे, त्यांना कळेल मी किती खूश आहे ते.