नडगीवरच्या गाठी

चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होते. आठ तास उभ्यानं काम. त्यामुळे नडगीवर पहिली गाठ आली तेव्हा वाटलं, ट्रॉलीचा कोपरा लागला असेल. लालभडक, गरम, सुपारीएवढी गाठ. आठवड्याभरात दोन्ही पायांवर मिळून नऊ झाल्या. सलवारीचं कापड घासलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. मग त्या काळ्यानिळ्या पडायला लागल्या, मार बसल्यासारख्या.

कंपनीच्या दवाखान्यात मलम मिळालं. कॅन्टीनमध्ये लाइनवरच्या एका बाईनं हळूच विचारलं, "नवरा हात उचलतो का गं?" मी नाही म्हटलं. तिला पटलं नाही. आमच्या चाळीतही तीच कुजबुज. ज्यानं कधी आवाजसुद्धा चढवला नाही, तो माझा नवरा नळावर पाण्याला जायचा बंद झाला.

लेक दोन वर्षांची होती आणि आम्हा दोघांच्याही शिफ्टा, म्हणून आईला लातूरकडच्या गावाहून आणलं होतं. मी कामावरून आले की ती माझे पाय मांडीवर घेऊन कोमट तेल लावायची. मध्येच तोंड फिरवून पदरात खोकायची. "मिश्रीचा ठसका," म्हणायची. मी पुढं विचारत नव्हते.

ताप यायला लागला, उभं राहवेना, तेव्हा सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरबाईंनी गाठी हलकेच दाबून पाहिल्या आणि विचारलं, "घरात कुणाला खोकला आहे?"

"दुखतायत माझे पाय," मी म्हणाले.

"म्हणूनच विचारतेय. शरीरात दुसरीकडं काही शिरलं, तरी पायावर अशा गाठी येतात."

हातावर तपासणीची सुई टोचली, ती जागा दोन दिवसांत टम्म फुगली. छातीच्या फोटोत डाग निघाला. टीबी. दुसऱ्या दिवशी आईला नेलं. तिचं एक फुप्फुस जवळजवळ संपलं होतं.

परतताना रिक्षात मी विचारलं, "कधीपासून खोकतेस?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला गावाकडं लावून दिली असतीस. मग लेकराला कुणी बघितलं असतं?"

ते खरं होतं. मी तिला धाडलंच असतं आणि मनातल्या मनात तिच्यावरच चिडले असते.

आईला दवाखान्यात ठेवलं. औषधं तिला पचेनात, वजन उतरत गेलं. नवरा लेकीला घेऊन खाली आवारात उभा राहायचा, पण खिडकीपर्यंत येणं आईला जमत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात मी तिच्या कानाशी म्हणाले, "नसतं धाडलं गं तुला." तिनं डोळे उघडले नाहीत. ऐकलं की नाही, कळलं नाही. गुरुवारी दुपारी ती गेली.

माझ्या गाठी तोवर जिरल्या होत्या. औषधं मात्र सहा महिने चालली. लाइनवरची माझी जागा दुसरीला दिली होती. लेकीला काही लागण निघाली नाही, तरी खबरदारी म्हणून तिलाही रोज गोळी द्यावी लागायची. मी ती चुरून गुळात कालवायची. कडू लागलं की लेक तोंड फिरवायची आणि आजीला हाका मारायची.