सदतीस नंबरचा कोट

बिश्केकच्या ऐन मध्यावरच्या आमच्या चौदा मजली इमारतीचं नाव आजवर तीन वेळा बदललं. आधी तिथं कालव्यांचे नकाशे काढणारी सरकारी संस्था होती. मग मजल्यामजल्यावर तुर्की जाकिटं विकली गेली. मग एक बँक आली आणि बुडाली. आता बाहेरून निळी काच लागलीय, म्हणून बिझनेस सेंटर म्हणायचं. आत शिरल्यावर डाव्या हाताला मात्र पहिल्या दिवसापासून बातिना-एजेच आहेत. एजे म्हणजे ताई. पण या ताईंपुढे मंत्रीसुद्धा कोट काढून उभे राहिलेत. त्या कोट टांगतात, पितळी टोकन देतात. कॉलरमागचा टांगायचा बंद तुटलेला दिसला की अख्ख्या रांगेसमोर विचारतात, "घरी सुई नाही का?"

नवे मालक एलामान पस्तिशीचे. त्यांना कोटघराच्या जागी कॉफीचं दुकान हवं होतं. शुक्रवारी त्यांनी नोटिसा छापल्या: सोमवारपासून कोटघर बंद.

"एजे, आता घरी आराम करा."

"आराम करायला मी दमलेय कुठं?"

संध्याकाळी ते घरी निघाले. बाहेर उणे अठरा, आणि खिशात टोकन सापडेना.

"तो काळा माझा. समोरच आहे."

"दिसतोय की. टोकन?"

"हरवलं."

एजेंनी भिंतीवरच्या जुन्या पाटीकडे बोट केलं. टोकन हरवल्यास, सगळ्यांचे कोट गेल्यावर उरेल तो मिळेल.

"एजे, मी मालक आहे."

"बिल्डिंगचे. तसे मी चार पाहिले. कोटाचा मालक टोकनवाला."

आम्ही आपापले कोट मुद्दाम सावकाश घेतले. शेवटी दोन उरले, काळा आणि एक करडा.

"हा कुणाचा?"

"सदतीस नंबर. इंजिनियर वीबे. एक्क्याण्णवच्या मे महिन्यात जर्मनीला गेले. गरम होतं, विसरले. त्यांनी नेला की मग तुमचा."

"ते येणार कधी?"

"मला घाई नाही. आणि आले, तर काय कॉफीवाल्याकडे मागायचा कोट?"

एलामान करड्या कोटाकडे बघत राहिले. तीस वर्षांचा कोट, पण धुळीचा कण नाही, बंदही नवा शिवलेला. मग वर गेले. टोकन टेबलावर नोटिसांच्या गठ्ठ्याखाली होतं. ते घेऊन खाली आले. गठ्ठा तिथंच राहिला.

सोमवारी कॉफीवाले मोजपट्टी घेऊन आले. एजेंनी आधी त्यांचेच कोट मागितले. रांगेत तिसरे एलामान होते.

"दुसऱ्या मजल्यावर जागा बघू," ते म्हणाले, आणि टोकन शर्टाच्या खिशात टाकून वरून बटण लावलं.

बातिना-एजे त्यांच्या कोटाचा बंद ओढून बघत होत्या.