ओ न देणारी

मी हाकेला ओ देत नसे. नव्वदच्या दशकात लखनौला, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर होतं, वडील इंजिनियर, आणि माझी ही ख्याती शेजारपाजारच्या सगळ्यांना ठाऊक होती. हातात एखादं बंद घड्याळ आलं की माझी ब्रह्मानंदी टाळी लागायची. शेजारी दूध उतू जाऊन गॅस विझला तरी पत्ता नसे. "घोरपडीसारखी चिकटते मेली," आई म्हणायची. तिचा उपाय एकच, वेणी हिसडायची. जानेवारीत वेणीच्या जागी मानेवर लोटाभर गार पाणी. लखनौचा जानेवारी ज्याने काढलाय त्याला मी पुढे काही सांगत नाही.

आमच्या घरात याला माज म्हणत. खूप वर्षांनी, केस पिकल्यावर, एका डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाव सांगितलं: एडीएचडी, आणि त्यातला हा हायपरफोकस. "लक्ष कमी नाही तुमच्याकडे. ते एकीकडून काढून दुसरीकडे न्यायचं तुमच्या हातात नाही," त्या म्हणाल्या. अशा माणसाला लांबून हाका मारू नयेत. जवळ जावं, खांद्यावर हात ठेवावा आणि जरा थांबावं. बस, एवढंच करायचं होतं. एवढ्यासाठी माझी अर्धी वेणी गेली.

त्या काळी एका हिवाळ्यात मला बघायला नागपूरचे लोक यायचे होते. धुक्यामुळे गाडी लेट. मला सकाळीच साडी नेसवून मागच्या खोलीत बसवलेलं. दुपारी आईचं लक्ष भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे गेलं. पाहुण्यांना घरात बंद घड्याळ दिसणं अशुभ. तिने ते काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. "बसल्या बसल्या एवढं कर. मुलगी कामाची आहे हेही दिसेल." चूक झाली ती इथे, आणि ती माझी नव्हती. हे मी आजही ठणकावून सांगते.

पाहुणे कधी आले, मला माहीत नाही. पोहे खाऊन झाले, मला हाका मारून झाल्या. शेवटी आई वेणी हिसडायला येण्याआधीच मुलाची आई स्वतः उठून मागे आली. तिने हाक मारली, मग माझ्या कानामागे टाळी वाजवली. मी चिमट्यात बारीक स्प्रिंग धरून बसले होते. हे सगळं धाकट्या बहिणीने मला नंतर सांगितलं. "मुलगी बहिरी आहे हे आधी कळवायचं होतं," बाई म्हणाल्या.

आई खरं सांगू शकली असती. पण धडधाकट कानांची पोरगी टाळीलाही वळत नाही, म्हणजे डोक्यात काहीतरी आहे, आणि डोक्यातलं घराण्यात असतं असं लोक म्हणतात. दाराआड धाकटी उभी होती. आई म्हणाली, "लहानपणी तापात कान गेले तिचे. बाकी घरात कुणाला काही नाही." बाईंनी धाकटीकडे पाहिलं. किडकं वांगं परत ठेवून दुसरं उचलावं तसं म्हणाल्या, "ही चालेल."

मुलाचं मला काही वाटलं नाही, त्याचं तोंडसुद्धा मी पाहिलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मी बहिरी झाले. लखनौत मराठी घरं मोजकी, एकात बोललेलं सगळीकडे जायचं. काकू माझ्या तोंडासमोर येऊन ओठ ताणून बोलायच्या आणि पाठ फिरवली की, "दिसायला बरी आहे हो, पण काय उपयोग." सगळं ऐकायचं आणि मख्ख बसायचं. जिला मारून मारून ओ द्यायला शिकवत होते, तिला आता ओ न द्यायला शिकवू लागले. आई पाठीमागून माझं नाव घेऊन तालीम घ्यायची. मान वळली की चिमटा.

लग्न जूनमध्ये, कॉलनीच्याच हॉलमध्ये झालं. आमरस मलिहाबादच्या दशहरी आंब्यांचा होता, नागपूरकरांनी त्यालाही नावं ठेवली. बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं मीच म्हणणार, हे आमचं लहानपणापासून ठरलेलं. बहिरी कुठली म्हणतेय? मी गुमान अक्षता टाकल्या.

पाठवणीच्या वेळी मी पाठमोरी उभी राहून तिची बॅग गाडीच्या डिकीत लावत होते. धाकटी तिकडे सगळ्यांच्या गळ्यात पडून रडत होती. रडता रडता ती सगळं विसरली. "ताई," तिने हाक मारली. "ताई, इधर देखो ना." सासू तिला खेटून उभी होती.

जन्मात पहिल्यांदा मला पहिलीच हाक ऐकू आली, अगदी स्वच्छ. वळले असते तर गाडीत बसायच्या आधीच ती खोटारड्यांची लेक ठरली असती. मी बॅगेचा पट्टा आवळत राहिले. तिने पुन्हा हाक मारली नाही. दारं लागली, गाडी गेली.

आई जवळ आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा थांबली.

"शहाणी गं माझी," म्हणाली.