ओंडक्यांचं घर

मामा गेले त्या दिवशी आम्ही त्यांच्या घराची एक भिंत काढली.

अकोले तालुक्याच्या डोंगरात ते घर त्यांनी स्वतः उभं केलं होतं. कोपऱ्यांना जाड लाकडी खांबांच्या मेढी, मेढींना उभ्या खाचा आणि त्या खाचांत वरून एकावर एक सोडलेले ओंडके. "खिळा मारला का लाकूड मरतं," असं ते म्हणत. त्यावर मामी चुलीपाशी बसून म्हणायची, "घरबी तुमच्यासारखंच. कुठं म्हणून बांधून घेतलं न्हाई." मामा हसत आणि फटींत शेणमाती भरत राहत.

त्या भागात पावसाळ्यात वाळलेलं लाकूड मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यातच प्रत्येक घर एका सरणापुरती लाकडं पडवीत रचून ठेवतं. कोणासाठी, हे कोणी बोलत नाही. मामा बोलत. शेजारचे दगडूबाबा दिसले की विचारत, "काय बाबा, आज तरी जाताय का? माझी लाकडं खोळंबलीत."

"तुला पोचवून मग जाईन," दगडूबाबा म्हणत.

आषाढात दगडूबाबाच आधी गेले. त्यांच्या पडवीत लाकडं होती. तरी मामा आपली रास उपसू लागले. मामी म्हणाली, "निम्मी तरी ठेवा."

"अर्धंच माणूस जाळायचं का? माझीच देईन म्हणलो हुतो."

श्रावणात मामा झोपेतच गेले. घाटात दरड पडली होती, टेम्पो वर येत नव्हता. मी चालत पोहोचलो आणि दगडूबाबांच्या मुलाकडे लाकडं मागितली. त्याने खाली बघितलं. "आमची म्हातारी अंथरुणाला हाय, भाऊ. आज-उद्या करतीय. तिला काय घालू?" पुढच्या घरांतूनही तेच उत्तर आलं. प्रत्येक घरात कोणीतरी म्हातारं होतं.

परतलो तेव्हा मामी मामांच्या उशाशी बसली होती. माझे रिकामे हात तिने पाहिले.

"चुलीमागची भिंत काढा," ती म्हणाली. "धुरानं वाळलीय. खिळा न्हाई, येळ लागायचा न्हाई."

ओंडके उचलायला दगडूबाबांचा मुलगाच सगळ्यांच्या पुढे होता. लाकूड चांगलं पेटलं.

दिवाळीत त्याची म्हातारी उठून बसली. आता ती काठी टेकत मामीकडे चहाला येते. त्यांची लाकडं अजून पडवीत आहेत.

मामी त्याच घरात राहते. तीन भिंती आहेत. चुलीमागे ताडपत्री आहे.